इलेक्ट्रिक ब्लूज समोर बसून का ऐकावा?

शीर्षक वाचून पान उलटू नका. हा लेख गिटारवाल्यांसाठी नाही. त्यांना यातलं सगळं आधीच माहीत असतं (निदान त्यांना तसं वाटतं!). ज्यांनी 'ब्लूज' हा शब्द फक्त 'मंडे ब्लूज'मध्ये ऐकलाय, सबमिशनच्या आदल्या रात्री पोटात जे होतं त्यालाच ब्लूज म्हणत असावेत अशी ज्यांची समजूत आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आणि आमच्या डिपार्टमेंटच्या एका सरांसाठी. त्यांनी मला सरळ विचारलं, "यूट्यूबवर सगळं फुकट पडलंय, मग तिकीट काढून, कोथरूडहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, उभं राहून तेच गाणं ऐकण्यात काय हशील?" प्रश्न व्हायव्हातल्यासारखा अडवायला विचारलेला नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. कॉरिडॉरमध्ये मला ते नीट देता आलं नाही, कारण ते अर्ध्या मिनिटाचं नाहीच.

आधी थोडा इतिहास, परीक्षेला पुरेल एवढाच. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं गाणं. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात राबणाऱ्याच्या आयुष्यात फार फरक पडला नाही. एक माणूस, एक साधी गिटार आणि दिवसभराचा शीण, असं ते सुरुवातीचं ब्लूज. १९४१ साली ॲलन लोमॅक्स हा लोकगीतांचा संग्राहक रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर गेला आणि तिथल्या मकिन्ली मॉर्गनफिल्ड नावाच्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या तरुणाचं गाणं त्याने टिपलं. हाच पुढे मडी वॉटर्स झाला. १९४३ मध्ये तो गाडीत बसून शिकागोला गेला. पोटासाठी, दुसरं काही कारण नाही.

इथे मला आपल्या गिरणगावाची आठवण होते. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेच्या कारखान्यांच्या शहरांत गेले. कोकणातून आणि घाटावरून परळ-लालबागला आलेला माणूस आठवा. खोलीत दहा-बारा जण, पाळीची नोकरी, बायको-पोरं गावाला. सोबत काय आणलं? तर भजन, शक्ती-तुरा, तमाशा. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावहून मुंबईला आलेल्या अण्णा भाऊ साठेंनी गावाकडे राहिलेल्या मैनेवर जी छक्कड लिहिली, ती शिकागोच्या एखाद्या कामगाराला भाषांतर न करता कळली असती असं माझं प्रामाणिक मत आहे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला 'डॅफोडिल्स' पाठ करायला लावली. अण्णा भाऊ मला आजीकडून कळले, पण ते असो.

आता मुद्द्याचं. शिकागोच्या गुत्त्यांमध्ये शनिवारी रात्री पगार झालेली माणसं यायची. गप्पा, हशा, भांडणं, बाटल्यांचा आवाज. त्यात साध्या गिटारचं काय चालणार? इलेक्ट्रिक गिटार तेव्हा नवीन नव्हती, गिब्सन कंपनीने १९३६ मध्येच ती बाजारात आणली होती, पण मडी वॉटर्सच्या हातात ती आली ती या गोंगाटामुळे. म्हणजे बघा, इलेक्ट्रिक ब्लूजचा जन्मच मुळी भरलेल्या खोलीत समोरच्या माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी झाला. स्टुडिओसाठी नाही. लिट्ल वॉल्टर नावाच्या पोराने तर माउथ ऑर्गन आणि मायक्रोफोन एकाच मुठीत धरून तो ॲम्प्लिफायरमधून काढला आणि त्या एवढ्याशा वाद्याचा आवाज सॅक्सोफोनसारखा भरदार केला. त्याची 'ज्यूक' ही रेकॉर्ड १९५२ ची. मेसमध्ये गोंगाट असताना मागच्या टेबलावरून भाजी मागवायची असेल तर आपण काय करतो? तेच या मंडळींनी केलं, फक्त सुरात.

ब्लूजचा ढाचा शिकायला फार तर दहा मिनिटं लागतात. इंजिनीअरिंगच्या मुलांना पाच पुरतील. चार मात्रांचा एक 'बार', असे बारा बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार बार 'सा' धरून, पुढचे दोन 'म' धरून, दोन परत 'सा', मग एक 'प', एक 'म' आणि शेवटचे दोन 'सा', ज्यात पुन्हा सुरुवातीकडे वळायची खूण असते. एवढंच. शब्दांचंही तसंच, एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा तीच ओळ का? कारण तिसरी सुचायला तेवढा वेळ मिळतो! (हा माझा सिद्धांत आहे, पुस्तकातला नाही.)

हे एकदा डोक्यात बसलं की समोर बसून ऐकण्याचा अर्धा आनंद तुमचा झाला, कारण आता तुम्ही समेची वाट बघू शकता. सवाई गंधर्वला मंडपात मांडीवर हाताने ताल धरणारे आजोबा पाहिले असतील. तबला फिरून समेवर येतो आणि सगळ्यांची मान एकदम हलते. तसंच ब्लूजमध्ये बाराव्या बारनंतर होतं. गिटारवाला 'प'वर लोंबकळत राहतो, येतो की नाही, येतो की नाही करतो, आणि मग 'सा'वर उतरतो. खोलीतली चाळीस माणसं एकदम श्वास सोडतात. हेडफोनवर तुम्ही एकटेच श्वास सोडता.

आता तार ओढण्याविषयी. ब्लूजमध्ये एक स्वर असतो जो कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये कुठेतरी राहतो. पियानोवर तो नाहीच, पट्टीच नाही त्याची. गिटारवर तो तार बोटाने आडवी ओढून काढतात. आपल्या सतारीवर मींड काढतात तीच युक्ती. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते हे आपण अकरावीत शिकलो. एक पूर्ण स्वर वर चढवायचा तर कंपनसंख्या सुमारे १.१२ पट व्हायला हवी, म्हणजे ताण सुमारे १.२६ पट. सव्वीस टक्के जास्त ताण, एका बोटाने, आणि तोही नेमक्या त्या जागी थांबवून! आमच्या विंगमधली एक मुलगी गिटार शिकते, तिच्या बोटांची टोकं दाखवायला सांगा एकदा. बी. बी. किंगसारखा माणूस अशी तार ओढून वर डाव्या हाताने ती थरथरवायचा, तेव्हा तो काय करतोय हे रेकॉर्डवर ऐकू येतं, पण त्याला किती लागतंय हे दिसत नाही. समोर बसलं की दिसतं. चेहरा वाकडा होतो, खांदा वर येतो, डोळे मिटतात. मला आधी हे सगळं नाटक वाटायचं. मनगटातून निघालेला तो ताण चेहऱ्यापर्यंत जातो, एवढं साधं स्टॅटिक्स आहे.

किंगची आणखी एक गोष्ट. तो गाताना सहसा वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. एक ओळ स्वतः म्हणायची, पुढची त्याच्या 'ल्युसील' गिटारने म्हणायची. आपल्याकडे गायकाच्या मागून हार्मोनियम जाते, शाहिराला झीलकरी 'जी जी' करून साथ देतात, तसाच हा सवाल-जवाब. १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये त्याचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला, 'लाइव्ह ॲट द रीगल' नावाने तो मिळतो. त्यात तिसरा आवाज आहे, प्रेक्षकांचा. बायका किंचाळतात, पुरुष मध्येच उत्तर देतात. तो आवाज काढून टाकला तर रेकॉर्ड अर्धी होईल.

आता आपला प्रांत. ईएनटीसीवाल्यांनी नीट वाचा, बाकीच्यांनी दोन परिच्छेद उडवले तरी चालेल.

गिटारच्या तारेखाली चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तार असते, तिला पिकअप म्हणतात. वरची तार हलली की फॅरेडेच्या नियमाने तिच्यात काही मिलिव्होल्टचा सिग्नल तयार होतो. तो ॲम्प्लिफायरमध्ये जातो. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर नव्हते, व्हॉल्व्ह होते, आजोबांच्या जुन्या रेडिओत केशरी दिवे दिसायचे तेच. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की लाटेचा माथा कापला जातो. लॅबमध्ये ऑसिलोस्कोपवर असं दिसलं की सर म्हणतात, "गेन कमी कर." शिकागोतल्या पोरांनी गेन वाढवला! माथा कापला गेला की मूळ स्वरात वरचे स्वर मिसळतात. दुसरा हार्मोनिक म्हणजे वरच्या सप्तकातला 'सा', तिसरा म्हणजे त्याच्याही वरचा 'प'. तानपुरा नीट जुळला की जे घुमतं त्याचंच हे दांडगट भावंड. आणि व्हॉल्व्ह हा माथा कात्रीने कापल्यासारखा कापत नाही, हळूहळू दाबत जातो. त्यामुळे हलक्या हाताने छेडलं तर स्वर स्वच्छ, जोरात मारलं तर खरखरीत, आणि मधल्या सगळ्या छटा बोटाच्या हाती. चांगला वादक एकाही बटणाला हात न लावता कुजबुजतो आणि ओरडतो.

दुसरी गोष्ट फीडबॅक. ऑडिटोरियममध्ये प्राचार्यांच्या भाषणात माइक 'कूंऽऽऽ' करतो, तो फीडबॅक. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये, तिथून परत स्पीकरमध्ये, आणि लूप गेन एक झाला व फेज जुळली की ऑसिलेशन सुरू. बार्कहाउसेनचा निकष, पाच मार्कांचा प्रश्न. गिटारवाला हेच मुद्दाम करतो. आवाज वाढवून ॲम्पसमोर उभा राहतो, स्पीकरमधून येणारी हवा तारेला पुन्हा हलवते आणि मरायला टेकलेला स्वर जिवंत होतो, वाढतो, मग एकदम वरच्या स्वरावर उडी मारतो. ४४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी हवेत सुमारे ७८ सेंटिमीटर असते. म्हणजे वादक ३९ सेंटिमीटर मागे सरकला की फेज उलटी. अर्धं पाऊल! म्हणून तो स्टेजवर पुढे-मागे करत असतो, आणि आपल्याला वाटतं की नाचतोय. त्या खोलीच्या भिंती, छत, गर्दीतल्या माणसांचे कपडे, सगळं त्या लूपमध्ये सामील असतं. तुम्हीसुद्धा. गर्दी वेगळी असती तर आवाज वेगळा आला असता, हे मी अलंकारिक अर्थाने लिहिलेलं नाही.

आणि खालचा आवाज. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची. मोबाइलच्या स्पीकरला ती वाजवताच येत नाही, वरच्या हार्मोनिक्सवरून आपला मेंदू अंदाज बांधतो. खोलीत मात्र ती छातीच्या पिंजऱ्यात वाजते. कोथरूडकरांना हे वेगळं सांगायला नको. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा बोलायला लागतात. विसर्जन मिरवणुकीतलं पथक कोणी मोबाइलवर बघून समाधान मानतं का? मानत असेल तर तो पुण्याचा नाही.

मागच्या हिवाळ्यात मी आणि माझी रूममेट एका छोट्या कॅफेत एक ब्लूज त्रिकूट ऐकायला गेलो होतो. गिटार, बास, ड्रम्स. मुंबईची मुलं, नावं मोठी नाहीत. वनाजहून मेट्रो, पुढे रिक्षा. चाळीसेक माणसं असतील, त्यातली निम्मी जेवायला आलेली. पहिली दोन गाणी कोणी फारसं लक्ष दिलं नाही. तिसऱ्या गाण्यात गिटारवाल्याने मध्येच व्हॉल्यूमचं बटण खाली खाली आणलं. बासवाल्याने आणि ड्रमरने त्याच्याकडे बघून आवाज उतरवला. शेवटी इतका कमी झाला की ॲम्पमधला स्वर आणि नुसत्या तारेची टिकटिक सारखीच ऐकू यायला लागली. लोकांच्या गप्पा थांबल्या, कारण आपलाच आवाज मोठा वाटायला लागला. एक वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी उभा राहिला. बारा बार असेच गेले, कोणी हललं नाही. मग पुढच्या आवर्तनाच्या समेवर त्याने सगळं उघडलं, आणि माझ्या रूममेटने माझा दंड इतका जोरात धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. नंतर एका गाण्यात त्याची तार तुटली. तो थांबला नाही. उरलेल्या पाच तारांवर आवर्तन संपवलं, बासवाल्याला मानेनेच खूण केली, बासवाल्याने सोलो घेतला आणि तेवढ्यात याने स्टेजच्या कडेला बसून तार बदलली. परत आला तो बरोब्बर समेवर. ठरवलेलं काहीच नव्हतं, पण तिघांनाही आपण बारापैकी कितव्या बारमध्ये आहोत हे माहीत होतं. आणि मलाही माहीत होतं, हे मला तिथे बसल्यावर कळलं! बोटावर मोजत होते मी.

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे इथेच आहे. पण कोणी म्हणेल हा एका मुलीचा भाबडेपणा झाला, म्हणून एक भक्कम पुरावा देते.

लुईझियानात १९३६ साली जन्मलेला बडी गाय (मेसमध्ये हे नाव मी देवनागरीत लिहून दाखवलं तेव्हा पाच मिनिटं कोणी जेवू शकलं नाही, तेव्हा आता हसून घ्या आणि पुढे चला) १९५७ मध्ये शिकागोला आला. गिटार स्लिम नावाच्या वादकाला त्याने लांबलचक वायर लावून वाजवत वाजवत प्रेक्षकांत शिरताना पाहिलं होतं. त्यानेही तेच सुरू केलं. वाजवत टेबलांमधून फिरायचं, कधी दारातून रस्त्यावर जायचं. फीडबॅक, मोडकातोडका आवाज, मध्येच शांतता, हे सगळं तो क्लबमध्ये करत होता. पण चेस रेकॉर्ड्सचा मालक लिओनार्ड चेस याला तो निव्वळ गोंगाट वाटायचा. स्टुडिओत त्याला सभ्यपणे वाजवायला लावलं जायचं. याचा परिणाम काय झाला? साठच्या दशकातल्या त्याच्या चेसच्या रेकॉर्ड्स ऐकल्या तर क्लबमधला बडी गाय तिथे जवळजवळ सापडत नाही. जे लोक त्या रात्री समोर बसले होते त्यांनीच तो ऐकला. पुढे इंग्लंडच्या पोरांनी तसंच वाजवून लाखो रेकॉर्ड्स खपवल्यावर कंपनीला साक्षात्कार झाला. १९६५ मध्ये डेलमार्क या छोट्या कंपनीने ज्युनिअर वेल्सची 'हूडू मॅन ब्लूज' ही रेकॉर्ड क्लबमध्ये वाजवतात तशीच वाजवू देऊन काढली, तिच्यात गिटार बडी गायची आहे. करारामुळे पहिल्या आवृत्तीवर त्याचं नाव 'फ्रेंडली चॅप' असं छापलं होतं. ध्वनिमुद्रणात त्याचा ॲम्प बिघडला तर ऑर्गनच्या स्पीकरमधून गिटार काढून काम भागवलं. जुगाड सगळीकडे सारखाच.

उलटही घडलंय. मडी वॉटर्स १९५८ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा तिथल्या रसिकांना साधी गिटार आणि हळवं लोकगीत अपेक्षित होतं, त्याच्या आवाजाने ते दचकले. म्हणून १९६३ मध्ये तो शहाण्यासारखा साधी गिटार घेऊन गेला. तोवर तिथल्या पोरांना इलेक्ट्रिकच हवी होती!

आता मुलींनो, जरा जवळ या. ब्लूज म्हटलं की टोपी घातलेला एक पुरुष डोळ्यांसमोर येतो. इलेक्ट्रिक ब्लूज समोर बसून ऐकल्याचं जे एक जुनं आणि प्रसिद्ध वर्णन आहे, ते एका बाईचं आहे. कवी लँग्स्टन ह्यूझने १९४२ च्या शेवटच्या रात्री शिकागोच्या एका क्लबमध्ये मेम्फिस मिनीला इलेक्ट्रिक गिटार वाजवताना पाहिलं आणि जानेवारी १९४३ मध्ये 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्रात त्यावर स्तंभ लिहिला. मडी वॉटर्स तेव्हा अजून शिकागोला पोहोचलाही नव्हता. आणि १९६४ च्या मे महिन्यात सिस्टर रोझेटा थार्प मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात, पावसात ओल्या झालेल्या फलाटावर, कोट घालून इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती. प्रेक्षक रुळांच्या पलीकडच्या फलाटावर. टीव्हीसाठी केलेलं ते चित्रीकरण आजही बघायला मिळतं. आपल्या देशातही शिलाँगचं 'सोलमेट' आहे, २००३ पासूनचं. त्यात टिप्रिती खारबांगर गाते आणि रूडी वॉलांग गिटार वाजवतो. तिचा आवाज आमच्या विंगमध्ये सकाळी सातला लावला तर अलार्मची गरज नाही.

महाराष्ट्रात हे सगळं समोर बसून ऐकायची मोठी सोय झाली ती फेब्रुवारी २०११ मध्ये, वांद्र्याच्या हिल रोडवरच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा. ज्या स्टुडिओत हिंदी सिनेमाचे सेट लागले तिथे पहिल्याच वर्षी बडी गाय वाजवून गेला, तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. 'सोलमेट'ही होतं. त्याच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, २४ जानेवारीला, पुण्याने पंडित भीमसेन जोशींना निरोप दिला होता. या दोन गोष्टींचा तसा काही संबंध नाही. पण समोर बसलेल्या माणसाला गाण्यात सामील करून घेणं म्हणजे काय हे पुण्याला ज्यांनी शिकवलं त्यांत पंडितजी पहिले, १९५३ पासून सवाई त्यांनीच उभा केला, म्हणून मला हे एकत्र आठवतं. २०२३ च्या फेब्रुवारीत बडी गाय पुन्हा त्याच स्टुडिओत आला, ८६ व्या वर्षी. त्याच महोत्सवात मिसिसिपीचाच क्रिस्टोन 'किंगफिश' इन्ग्रम होता, २४ वर्षांचा. आमच्या फायनल इयरच्या केटीवाल्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठा, फक्त.

कोणी जाणार असाल तर दोन सूचना. एक, कानात घालायचे फोमचे बोळे घेऊन जा, मेडिकलमध्ये किरकोळ किमतीत मिळतात. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बोळे घातले तरी छातीत वाजायचं ते वाजतंच. दोन, मोबाइल खिशात ठेवा. त्याचा माइकही त्या आवाजात क्लिप होतो, आणि व्हॉल्व्हसारखा गोड नाही होत.

आता घरचं. त्या कॅफेतला शेवटचा सेट आम्ही ऐकला नाही. आमचं गेट साडेनऊला बंद होतं. पावणेनऊला, बासवाल्याचा सोलो चालू असताना, टेबलांमधून वाकत वाकत बाहेर पडलो. मुलांचं गेट अकराला. रात्री आठच्या आधी कुठलाही ब्लूज बँड वाजवायला लागत नाही, म्हणजे या कॉलेजात चार वर्षं काढणाऱ्या मुलीने पहिला सेटच ऐकायचा आणि मुलाने दोन्ही, असा तो हिशोब. लोकल गार्डियनचं पत्र आणलं तरी महिन्यातून एकदाच उशिराचा पास. सुरक्षिततेचा मुद्दा मला कळतो, माझी आईही तेच म्हणते. म्हणून आम्ही सहा जणींनी एक अर्ज केलाय. एकत्र जाऊ, एकत्र येऊ, ठरलेल्या रिक्षावाल्या काकांचा नंबर ऑफिसात ठेवू, साडेअकरापर्यंत परत. महिन्यातून दोनदा. मुलांनाही तोच नियम लावा, आमची हरकत नाही.

दुसरं, गॅदरिंग. यंदा कमिटीत असा विचार चाललाय की लाइव्ह बँडचं साउंड चेक, वायरी, उशीर, ही कटकट नको, डीजे लावू आणि ज्यांना गायचंय त्यांनी ट्रॅकवर गावं. ट्रॅक छानच वाजतो, प्रश्नच नाही. पण ट्रॅकला माहीत नसतं की समोर कोण बसलंय. तार तुटली तर तो थांबून वाट बघत नाही, आणि पब्लिक गप्प झालं तर आवाजही उतरवत नाही. आपल्या कॉलेजात चार जणांचा बँड आहे, बारा बार वाजवतो, दोघं मेकॅनिकलचे, एक आयटीची आणि ड्रमर सिव्हिलचा. त्यांना सव्वासहा ते सात अशी पाऊण तास जागा द्या एवढंच मागणं आहे. लाउडस्पीकरची दहाची मर्यादा आहे, आपण सातलाच मोकळे. साउंड चेक दुपारी चारला, मी स्वतः करून देते, इफेक्ट्सची पेटी नको, तीन माइक पुरतात.

गेटचा अर्ज रेक्टर मॅडमच्या टेबलावर आहे, गॅदरिंगचा स्टुडंट सेक्रेटरीकडे. दोन्हींवर अजून सह्यांना जागा आहे. बँडची तालीम दर शनिवारी दुपारी, जुन्या वर्कशॉपमागच्या शेडमध्ये असते, कोणीही येऊन बसावं, स्टाफनेही. ॲम्प तिसऱ्या मजल्यावरून खाली आणावा लागतो आणि लिफ्ट बंद आहे, तेव्हा दोन धट्टीकट्टी माणसं थोडी लवकर आली तर बरं.